पाण्यातला डावा-उजवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं." आमच्या १९८१ च्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कापसाचे आणि सोयाबीनचे भाव तोंडपाठ असलेले शेतकरी आहेत. माझं काम या सगळ्यांपेक्षा उथळ. साडेतीन-चार फूट पाण्याच्या काठावर उभं राहून मी तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं. एवढंच. त्यामुळे आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, आणि ती म्हणजे पोहताना माणसाचे दोन हात सारखं काम करतात का? आणि करत नसतील तर शिकवणाऱ्यानं काय करावं?

सुरुवात विहिरीपासून करावी लागेल. आपल्यापैकी बहुतेक सगळे विहिरीतच शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा, नाहीतर वाळलेला भोपळा. ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्याची ट्यूब, आणि तो त्या दिवसाचा राजा. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसत होते, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पुढे पाणी आलं आणि मामानं मला वरून सरळ ढकलून दिलं. वर आलो तर मामा ओरडतोय, "अबे हात मार, हात! पाणी काही खात नाही तुले!" माझ्या आयुष्यातलं पोहण्याचं पहिलं शास्त्रशुद्ध मार्गदर्शन ते.

आता नीट आठवून पाहा. विहीर गोल. आपण पोहायचो ते काठाकाठानं, गोल गोल. मी कायम भिंत उजव्या हाताला ठेवायचो आणि तोंडही भिंतीकडे, म्हणजे घाबरलो की लगेच कपार धरता यावी. श्वास उजवीकडे, नजर उजवीकडे, जोरही उजव्या हातात. उजवा हात पाणी जास्त ओढतो तेव्हा अंग डावीकडे वळत जातं. बैलगाडीचा एक बैल जोरात चालला तर गाडी दुसऱ्या बैलाकडे वळते, तसंच. आणि विहिरीत मला डावीकडेच वळायचं होतं! त्यामुळे माझा दोष मला दहा वर्षं कळलाच नाही. उलट मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजत होतो. ज्ञानगंगेला पाणी असलं की डोहातही उतरायचो, पण तिथं कोण सरळ रेघ आखून पोहतं?

तो कळला अमरावतीला. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करायला गेलो, तिथं पहिल्यांदा तलावात दोरीनं आखलेल्या पट्ट्या पाहिल्या. उडी मारली आणि वीस मीटर जायच्या आत डावीकडच्या दोरीवर आदळलो. पुन्हा पोहलो, पुन्हा डावीकडचीच दोरी. काठावरच्या प्रशिक्षकांनी विचारलं, "विहिरीतला का रे?" मला वाटलं ते थट्टा करताहेत. नंतर मी स्वतः शिकवायला लागलो, तेव्हा समजलं की तो प्रश्न किती बरोबर होता.

एक प्रयोग सांगतो. शांत पाण्यात, कोणी सोबत असताना, डोळे मिटून दहा-बारा हात मारा. मग डोळे उघडा. तुम्ही ज्या बाजूला सरकलेले असाल, त्या बाजूचा हात कमी काम करतोय. डोळे उघडे असताना आपण नकळत दुरुस्ती करत राहतो, म्हणून हे लपून राहतं.

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. उजवा हात बळकट, डावा कमजोर, म्हणून डाव्याला व्यायाम द्या. मीही पहिली काही वर्षं असंच समजत होतो. डाव्या हाताला पंजा बांधून पोरांकडून फेऱ्या मारून घ्यायचो. दंड फुगायचे, दोष तसाच राहायचा.

खरं कारण समजायला थोडा हात हलवावा लागेल. बसल्या जागी करून पाहा, समोरच्याला लागणार नाही एवढं बघा. डावा हात पुढे ताणा. उजवा हात मांडीपासून मागे, वर येऊ द्या. आता तोंड उजवीकडे वळवून श्वास घ्या. फ्रीस्टाइलमध्ये उजवीकडे श्वास घेणारा माणूस नेमका याच स्थितीत असतो. अंग थोडं कुशीवर कललेलं, डावा हात पुढे लांब. श्वास नुसता डोकं वळवून घेतला तर काही बिघडत नाही. पण नवशिक्या माणसाला हवा मिळेल की नाही ही भीती असते, म्हणून तो डोकं वळवत नाही, वर उचलतो. उचलायला टेकू लागतो. टेकू कोणाचा? पुढे ताणलेल्या डाव्या हाताचा. तो हात पाणी धरून मागे ओढायचं सोडून खाली दाबत बसतो. कोपर पडतं, पाणी निसटतं.

म्हणजे डावा हात कमजोर नसतोच. तो डोक्याची चाकरी करत असतो. घरात दोन भाऊ असावेत, एकानं शेत करावं आणि दुसऱ्यानं आजारी म्हाताऱ्याजवळ बसावं, आणि मग गावानं म्हणावं की धाकटा काही कमवत नाही. तशातला प्रकार. हे ध्यानात आल्यावर मी पंजे काढून ठेवले आणि पोरांना आधी श्वास घ्यायला शिकवायला लागलो. पाण्यात तोंड असतानाच हवा सोडून द्यायची, म्हणजे बाहेर आल्यावर फक्त घ्यायची उरते. एक डोळा पाण्यात, एक बाहेर. डोकं उचललं की दोन्ही डोळे बाहेर येतात. पोरांना ही खूण लगेच कळते.

फ्रान्समधल्या रुआँ इथले दिदिए शोले आणि लुडोविक सेफेर्त या संशोधकांनी पुढे हेच मोजून दाखवलं. शोले यांनी २००० साली दोन हातांच्या कामाचा मेळ मोजायची एक पद्धत मांडली. एका हाताचा जोर संपणं आणि दुसऱ्याचा सुरू होणं, यात किती वेळ मोकळा जातो ते बघायचं. ती पद्धत वापरून त्यांनी तयारीच्या पोहणाऱ्यांचं चित्रीकरण तपासलं, तर चांगल्या चांगल्यांचे दोन हात सारखे चालत नाहीत असं दिसलं. आणि त्याची मुळं दोन, हाताचा कल आणि श्वासाची बाजू. ही दोन वेगळी कारणं आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उजव्या हातानं लिहिणारी कित्येक मुलं मी डावीकडे श्वास घेताना पाहिली आहेत. लिहायचा हात बघून श्वासाची बाजू ठरवता येत नाही.

आणि इथंच मला एक कबुली द्यायची आहे. आजवर ती मी कुठं दिलेली नाही. आपल्या माणसांत देतो.

आपल्या लहानपणी डावऱ्या मुलाचे काय हाल असायचे ते आठवा. दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, म्हणजे प्रत्येक वर्गात चार-पाच तरी असणार. पण पाटीवर डाव्या हातानं लिहिणारा दिसायचा का कोणी? डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टी बसायची, घरी डाव्या हातानं घास घेतला की आजी ताट ओढायची. आपल्याच गावात होतं असं नाही, त्या काळी सगळीकडे हेच. आपला एक मित्र गोट्या डाव्या हातानं अचूक मारायचा आणि अक्षर मात्र उजव्या हातानं कोंबडीच्या पायासारखं काढायचा. तो आज समोर बसलाय, हसतोय. त्याची सही अजून बँकेत जुळत नाही म्हणे.

हे सगळं पाहिलेला मी. ते चुकीचं होतं असं भाषणांतून सांगणारा मी. आणि मी काय केलं ते ऐका.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात एका तलावावर मी सकाळची तुकडी घेत होतो. तिथं अकरा वर्षांची एक मुलगी यायची. डावरी, आणि श्वासही डावीकडे. पाण्यात अगदी हलकी. तलावाच्या एका बाजूला भिंत होती, म्हणून मी नेहमी दुसऱ्या काठावर उभा राहायचो. पोरं माझ्या अंगानं येताना उजवीकडे श्वास घेत असली की मला त्यांची तोंडं दिसायची. हिचं तोंड दिसायचं नाही, डोक्याची टोपी दिसायची. बस, एवढंच कारण. पोहण्याचं शास्त्र वगैरे काही नाही. मी नियम केला की सगळ्यांनी उजवीकडेच श्वास घ्यायचा. सगळ्यांची तोंडं एकदम एका बाजूला वळायची, पालकांना ते फार शिस्तीचं वाटायचं, आणि मलाही.

दुसऱ्याच दिवशी ती काठाला येऊन म्हणाली, "सर, तिकडे हवा नाही."

मी हसलो. सगळ्या तुकडीला ते वाक्य सांगून हसवलं. "अगं, हवा काय एकाच बाजूला असते का?" असं म्हणालो. आज मला त्या वाक्याचा अर्थ कळतो. उजवीकडे वळताना तिला डावा हात पुढे टेकू म्हणून ठेवावा लागत होता, आणि तो तर तिचा ओढणारा हात. वळायची वेळ चुकत होती, तोंड वळेपर्यंत पाणी चढत होतं. तिच्यासाठी तिकडे खरंच हवा नव्हती. तिनं माझ्यापेक्षा अचूक निदान केलं होतं, आणि मी ते विनोद म्हणून वापरलं.

पन्नास मीटरला ती ४१ सेकंद घ्यायची, ती ४४ वर गेली. मी म्हणालो, सवय होईल. दोन महिने गेले. जिल्हा स्पर्धेच्या आठवड्यात ती आली नाही, नंतरही आली नाही. आई एकदा रस्त्यात भेटली, म्हणाली, "तिला आता आवडत नाही." मी "अभ्यास वाढला असेल" असं म्हणून सायकल पुढे काढली. घरी गेलो नाही, विचारलं नाही. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण थोडं माहीत होतं.

त्यानंतर काही वर्षांनी एक मुलगा आला. मळणीयंत्रात उजवा हात कोपराखाली गेलेला. आपल्या भागात अशी घरं कमी नाहीत, जास्त सांगत नाही. वडील म्हणाले, "सर, ह्याले पव्हता येईन का?" मी मनात लगेच ठरवलं की डावा हात धड आहे, तर श्वास डावीकडे, बळकट बाजूला. तोंड उघडलं होतं बोलायला, आणि मला ती मुलगी आठवली. मी गप्प बसलो. आठ दिवस नुसता काठावर बसून बघत राहिलो. माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम ते.

पोरानं चौथ्या-पाचव्या दिवशी आपलं आपण शोधलं. तो श्वास उजवीकडे घ्यायला लागला, आखूड हाताकडे. मला आधी उलटं वाटलं. मग लक्षात आलं, उजवीकडे वळताना त्याचा पूर्ण डावा हात पुढे लांब राहतो आणि अंगाला आधार मिळतो. डावीकडे वळला असता तर पुढे आधाराला फक्त आखूड हात उरला असता. एका हातानं ओढताना अंग उजवीकडे वळायला हवं होतं, पण तो तोल त्याच्या पायांनी सांभाळला, तेही मी न सांगता. डोळे मिटून पोहायच्या परीक्षेत तो माझ्या दोन हातवाल्या पोरांपेक्षा सरळ जायचा. मी सांगितलेला उपाय त्याला बुडवणारा नसता, पण अडवणारा नक्की होता.

पायांवरून मुरलीकांत पेटकरांची आठवण येते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग निकामी झालं. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकलं, वेळ ३७.३३ सेकंद, तो जागतिक विक्रम होता. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. आपल्याकडे माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती ते हे वर्ष! पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. त्यांच्यावर सिनेमा आला, तो तुम्ही पाहिला असेल. पण मी त्यांच्या पोहण्याचा विचार एका वेगळ्या अंगानं करतो. तुमचे-आमचे पाय दोन हातांमधला फरक झाकून घेतात. ज्याचे पाय ओढत मागे येतात, त्याचा फरक झाकणारं कोणीच नाही. सरळ जायचं तर सगळा हिशोब दोन हातांनीच जुळवायचा.

करमाळ्याकडचा सुयश जाधव आणखी वेगळा. लहानपणी विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात कोपराखाली गेले. २०१८ च्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्ण मिळवलं. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी चालवायचे असा नियमच आहे, तिथं डाव्या-उजव्याला लपायला जागा कमी. आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे, ज्यानं २०१० मध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं, तोही ५० मीटर बटरफ्लायमध्येच.

मग कोणी विचारेल, दोन्ही हात अगदी सारखे करणं हेच ध्येय का? नाही. अमेरिकेच्या केटी लेडेकीचं फ्रीस्टाइल मोबाइलवर काढून बघा. घोडा दुडक्या चालीनं चालावा तसे तिचे हात पडतात, एक लवकर, एक रेंगाळून, आणि श्वास बहुतेक एकाच बाजूला. तिनं २०१८ मध्ये १५०० मीटरचा विक्रम १५ मिनिटं २०.४८ सेकंदांवर आणला. कोणी शिस्तप्रिय सर तिला भेटले असते तर त्यांनी आधी ती चाल मोडली असती. एक हात रेंगाळतोय हे दिसणं आणि तो पाणी निसटू देतोय हे दिसणं, यातला फरक ओळखायला मला वीस वर्षं लागली.

माझं मत विचाराल तर, सरावात दोन्ही बाजूंना श्वास घ्यावा, दर तीन हातांनी. त्यानं मान आणि खांदे दोन्हीकडे मोकळे राहतात, चुकीचा हात उघडा पडतो. शर्यतीत मात्र ज्याला जिकडे हवा मिळते तिकडे घ्यावी. समुद्रात दुसरी बाजू यायलाच हवी. मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी स्पर्धा होतात, तिथं माझी पोरं नेली तेव्हा उजवीकडून लाटा येत होत्या आणि उजवीकडेच श्वास घेणारी पोरं दर वेळी खारट पाण्याचा घोट घेत होती. लांब पल्ल्याचे पोहणारे सोबतची नाव कोणत्या बाजूला ठेवायची हेसुद्धा श्वासाच्या बाजूवरून ठरवतात. पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड खाड्या पूर्ण केल्या. असे तासन् तास एकाच खांद्यावर भार टाकत गेलं तर त्या खांद्याचं काय होईल, याचा विचार करा.

खांद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. चाळीस-पन्नास वर्षं ज्या बाजूला भिंत धरून पोहलो, तीच बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, पाण्यात जा, पण जोर करू नका. म्हणून साठीला आलेला मी डावीकडे श्वास घ्यायला शिकतोय. सुरुवातीला माझ्याही तोंडून तेच निघालं, तिकडे हवा नाही. नाकातोंडात पाणी जातं, मान वळत नाही, आणि शेजारच्या पट्टीतली आठ वर्षांची पोरं थांबून बघतात. त्यातल्या एकानं मला सांगितलं, "आजोबा, डोकं उचलू नका." बरोबर सांगितलं त्यानं.

परवा गावात आल्यावर मामाच्या मळ्यातली विहीर बघायला गेलो. आता वर जाळी टाकली आहे, चांगलं केलं. लहान पोरं एकटी जाऊन बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो, तेव्हा ढकलून शिकवायच्या पद्धतीचं मला काही कौतुक वाटत नाही. पोरांना सोबत घेऊन जा, डबा नीट बांधा, आणि ते कोणत्या बाजूला तोंड वळवतं ते पहिले चार दिवस नुसतं बघा.

ती मुलगी आता चाळिशीत असेल. या भाषणाचा मजकूर स्मरणिकेत छापणार आहेत असं संयोजक म्हणाले. ती इथली नाही, त्यामुळे तिच्या हाती हे पुस्तक जाण्याची शक्यता फार थोडी. तरी लिहून द्यायला मी लगेच हो म्हणालो.

पंधरा मिनिटं केव्हाच झाली. मागे पंगतीची भांडी वाजायला लागली आहेत, आणि आपले डावरे मित्र हात धुऊन तयार दिसतात. थांबतो.